घाटाच्या वर की घाटाखाली?

‘मग काय ठरलं तुमचं?’

हा प्रश्न गेल्या सहा वर्षांत मला इतक्या जणांनी विचारला आहे की, त्याचे उत्तर छापून दाराला लावावे असे कधी कधी वाटते. विचारणारांत पुण्याची आमची लेक आहे, अकोल्याच्या आमच्या घरात राहणारे भाडेकरू आहेत, वाशिमचा दूधवाला आहे आणि आमच्या ह्यांचे कचेरीतले जुने स्नेही तर आहेतच. अडचण एवढीच की, दाराला लावावे असे उत्तर आमच्यापाशी नाही. हे म्हणतात, ठरले आहे. मी म्हणते, काहीच ठरलेले नाही. आणि आमच्या सासूबाई, वय वर्षे शहाऐंशी, म्हणतात, ‘तुम्ही ठरवत बसा. मी कुठे जात नाही.’

प्रश्न तसा साधा आहे. उरलेले आयुष्य काढायचे कुठे? घाटाच्या वर, वाशिमला, की घाटाखाली, अकोल्याला?

पुण्यामुंबईच्या वाचकांना घाट म्हटला की बोरघाट आठवतो. आमचा घाट त्याच्यापुढे अगदीच गरीब. अकोल्याहून वाशिमला निघाले की पातूरपर्यंत रस्ता कसा सरळसोट जातो. पातूर मागे पडले की तो वळू लागतो, सागाची झाडे दिसू लागतात, मोटारीचे यंत्र जरा कण्हते, आणि मेडशी-मालेगावकडे पोचेपर्यंत आपण वर आलेलो असतो. सारा प्रवास ऐंशी किलोमीटरांच्या आसपास. पण जुन्या माणसांनी ह्या चढणीवरून अख्ख्या वऱ्हाडाचे दोन भाग पाडले होते. खालचा तो पयनघाट, वरचा तो बालाघाट. पयनघाट म्हणजे पूर्णेचे खोरे. काळी कसदार जमीन, कापूस, रेल्वे, पैसा आणि ऊन. बालाघाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पसरट माथा. हलक्याभारी जमिनीचे पट्टे, ओढे, नाले आणि रात्रीची झुळूक.

ती झुळूक मला पहिल्यांदा भेटली १९८४ सालच्या मे महिन्यात. मी पुण्याची. लग्न पुण्याला झाले आणि वऱ्हाड वऱ्हाडात निघाले. (हा विनोद त्या प्रवासात निदान दहा जणांनी केला, म्हणून मीही एकदा करून घेते.) दुपारी अकोल्याच्या फलाटावर उतरलो. लोहाराने भट्टीचे दार उघडावे तशी हवा तोंडावर आली. अंगावर शालू, नाकात नथ, डोक्यावर पदर, आणि समोर सारा गाव डोक्यातोंडाला पांढरे दुपट्टे गुंडाळून चाललेला! माझ्या आईने मला हळूच विचारले, ‘अगं, इथे काही साथ वगैरे आहे का?’ साथ नव्हती. ऊन होते. तिकडे ‘ऊन लागले’ म्हणजे नुसते चटके बसले असे नव्हे, माणूस आडवा झाला असा अर्थ होतो, हे मला मागाहून कळले.

तिथून एस्.टी.ने वाशिमला आलो. रात्री बायकांची निजायची सोय गच्चीवर केली होती. मी मनात म्हटले, झाले, आता रात्रभर वारा घालीत बसायचे. पण दहाच्या सुमारास पश्चिमेकडून झुळूक सुटली, आणि पहाटे चारला मी चक्क कुडकुडत जागी झाले. सासूबाईंनी न बोलता माझ्या अंगावर वाकळ टाकली आणि त्या पलीकडे जाऊन निजल्या. सासर आणि माहेर ह्यांतले माझे पहिले बोलणे असे बिनबोलता झाले.

पुढे मी अकोल्याला एका शाळेत भूगोल शिकवू लागले. तेव्हा ह्या वाकळीचे शास्त्र मला मुलांना समजावून सांगावे लागे. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आतबाहेर आहे. वाशिम साडेपाचशेच्या जवळपास. आणि पुणे? पुणेही साडेपाचशेच्याच थोडेसे वर. म्हणजे उंचीने पुणे आणि वाशिम जवळजवळ सख्खी भावंडे. हे मी वर्गात सांगितले की मुलांना मोठे नवल वाटे, आणि मला मनातल्या मनात माहेर जवळ आल्यासारखे वाटे. अर्थात नुसत्या उंचीने सगळे भागत नाही. पुण्याला घाट ओलांडून समुद्राचा वारा संध्याकाळी येऊन भेटतो. वाशिमपर्यंत येता येता त्या वाऱ्याचा सगळा ओलावा वाटेत संपून जातो. म्हणून वाशिमलाही मे महिन्यात दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर चढतो. वाशिम म्हणजे महाबळेश्वर नव्हे. तशी कुणाची समजूत करून देऊन त्यांना उन्हाळ्यात पाहुणे म्हणून बोलावणे हे पाप आहे, आणि ते मी एकदा केलेले आहे.

हिशोबाने पाहिले तर हजार मीटर वर गेल्यास हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते. अडीचशे मीटरांना दीड अंश. दीड अंशासाठी एवढे रामायण कशाला, असे आमच्या जावयांनी एकदा विचारले. त्यांचा व्यवसाय संगणकाचा, त्यांना आकडा पुरतो. मी म्हटले, अहो, दीड अंश दुपारचा. रात्रीचे काय? अकोला म्हणजे आता सव्वाचार लाखांच्या पलीकडची वस्ती. सिमेंटच्या भिंती, डांबराचे रस्ते, दिवसभर पिऊन ठेवलेले ऊन रात्री दोन वाजेपर्यंत ओकत असतात. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला हा आमचा घाट, मध्ये खोलगट खोरे. हवेला हलायला जागा नाही. वाशिम पडले उघड्या माथ्यावर. सूर्य बुडाला की जमीन निवू लागते. दिवसभराच्या उन्हाशी झगडून थकलेल्या शरीराला रात्री तीन-चार तास जरी गारवा मिळाला तरी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहते. नाही मिळाला, तर म्हाताऱ्या माणसाचे हृदय रात्रंदिवस पाळीवरच असते. हवामान खातेदेखील हल्ली ‘उष्ण रात्र’ अशी वेगळी सूचना देते, ते उगीच नव्हे.

आणि ही काही माझी एकटीची शोधून काढलेली गोष्ट नाही. इंग्रजांच्या वेळच्या जुन्या गॅझेटियरमध्ये ‘बाशीम’ जिल्ह्याविषयी अशीच नोंद आहे: वऱ्हाडातल्या इतर जिल्ह्यांपेक्षा इथली हवा लोकांना पसंत पडते, कारण उन्हाळ्यात दिवसा झळा वाहिल्या तरी रात्री त्यांच्यामागून गार वारा येतो. साहेबाला हवेचे फार. मुंबईचा गव्हर्नर हिवाळ्यात मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला राही. वऱ्हाडातल्या साहेबांसाठी चिखलदरा होते. अकराशे मीटर उंचीवर, कॉफीच्या मळ्यांसह! स्वराज्यानंतर आपण ही चैन सोडून दिली. पण सगळीच नव्हे. नागपूरचे अधिवेशन बहुतेक वर्षी हिवाळ्यातच भरते. ते मे महिन्यात भरवा म्हणून एखाद्या आमदाराने हट्ट धरल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

गंमत अशी की, ज्या जिल्ह्याची हवा साहेबाने नावाजली तोच जिल्हा साहेबाने १९०५ साली मोडून टाकला. वाशिम अकोल्याला जोडले गेले. कचेऱ्या, वकील, कारकून, त्यांच्यामागून शाळा आणि दुकाने, सगळे घाट उतरून खाली उन्हात गेले. आमच्या ह्यांचे पणजोबाही त्यांतच. का गेले? कारण मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ साली नागपूरला पोचली ती खालच्या खोऱ्यातून, अकोल्यावरून. काळ्या जमिनीत कापूस पिकत होता, कापसाला विलायतेत भाव होता, आणि गाठोडी न्यायला दारात गाडी आली होती. गार वाऱ्याने कुणाचे पोट भरत नाही. जिल्हा पुन्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, सहा तालुक्यांचा: वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. मधल्या त्र्याण्णव वर्षांत अकोल्याचे शहर झाले आणि वाशिम तालुक्याचे गाव राहिले. ह्या त्र्याण्णव वर्षांची पिछाडी म्हणजेच आमच्या घरातला वाद, असे मला पुष्कळदा वाटते.

तसे हे गाव काही कालचे नाही. वत्सगुल्म ह्या नावाने ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. ह्याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात, त्याचा मंत्री वराहदेव ह्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत भवानी काळू ह्यांनी बालाजीचे देऊळ बांधले. आमच्या सासूबाई रोज सकाळी तिथे जात. आता जाववत नाही, तर दारातूनच कळसाच्या दिशेला हात जोडतात. पण हे सारे वैभव अंगावर घेऊन वाशिम आज देशातल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत बसले आहे. २०१८ साली ही यादी निघाली, तेव्हा महाराष्ट्रातले चार जिल्हे तीत होते: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आणि आमचे वाशिम. ‘आकांक्षित’ हा शब्द सरकारने मोठा गोड शोधून काढला आहे. आमच्या वेळी त्याला मागासलेला म्हणत.

आता आमचे घरचे सांगते.

२०१९ सालच्या मे महिन्यात हे अकोल्याला निवृत्त झाले. मी वर्षभर आधीच झाले होते. त्या एप्रिलच्या अखेरीस अकोल्याला पारा सत्तेचाळीसच्या वर गेला होता. टाकीतल्या पाण्याने हात धुवायचे तर आधी माठातले पाणी मिसळून घ्यावे लागे. कूलर रात्रंदिवस घरघरत असे, आणि वीज गेली की सारा मोहल्ला एकदम जागा होऊन गॅलरीत येई. अकोल्याच्या उन्हाची बाजू घ्यायची तर एकच गोष्ट सांगते. इथल्यासारखे वाळवण कुठे नाही. कुरडया सकाळी घाला, दुपारी डब्यात भरा. पुण्याला माझ्या भावजयीच्या कुरडयांना तीन दिवस लागतात आणि तरी त्या मनातून ओल्याच असतात.

हे म्हणाले, ‘पस्तीस वर्षं नोकरीसाठी ह्या भट्टीत काढली. आता कुणाचं देणं लागत नाही. चल वाशिमला.’

वाशिमला घर होतेच. चार खोल्या, अंगण, विहीर, कडुनिंब आणि तिथे एकट्या राहणाऱ्या सासूबाई. लेकीचे म्हणणे, तुम्ही दोघे आजीला घेऊन पुण्याला या. पण पुण्याला ते दोघे दिवसभर बाहेर, घर नवव्या मजल्यावर, आणि आमच्या सासूबाईंना उद्वाहनाची भीती. शिवाय मला माझे पुणे तिथे कुठे सापडत नाही. पुण्याचा मुद्दा तिथेच संपला. अकोल्याचे घर भाड्याने दिले आणि २०१९च्या डिसेंबरात आम्ही सामान घेऊन घाट चढलो.

पहिली दोन वर्षे कशी गेली म्हणून सांगू! तीनच महिन्यांत करोनाची टाळेबंदी आली. पुण्याची लेक दोन खोल्यांत कोंडून पडली होती, आणि आमच्याकडे अंगण होते, वर आकाश होते. एप्रिल-मेच्या रात्री आम्ही तिघे गच्चीवर निजत असू. सासूबाई नक्षत्रे ओळखीत आणि मी भूगोलाची बाई असून चुकत असे. भाजी दारात येई. दहा मिनिटे चालले की बाजार, पंधरा मिनिटे चालले की गाव संपून सोयाबीनची शेते. अकोल्याला शेजाऱ्याचे नाव कळायला आम्हांला चार वर्षे लागली होती. इथे आमच्या घरी काय शिजले हे शेजारणीला आमच्याआधी कळे. हा गुण की दोष, ते ज्याचे त्याने ठरवावे. मला सुरुवातीला दोष वाटला होता.

उणे काही नव्हते असे नाही. आवडीचे पुस्तक हवे तर अकोल्याहून मागवा. ह्यांचे डोळे तपासायचे तर अकोल्याला जा. शेजारच्या मुलीला बारावीनंतर डॉक्टर व्हायचे होते, तिला शिकवण्यांसाठी अकोल्याला खोली घेऊन राहावे लागले. तिची आई दर रविवारी डबा घेऊन घाट उतरे. पाण्याचेही तसेच. एकबुर्जीच्या तलावावर गावाची तहान भागायची, आणि पाऊस मागेपुढे झाला की नळाचे दिवस लांबत. आमच्या विहिरीने लाज राखली. ह्यावर अकोलेकर हसतील तर त्यांना सांगते, तुमचे पाणी आमच्याकडूनच येते. काटेपूर्णा उगवते ती आमच्या डोंगरात. महानच्या धरणात तिला अडवून तुम्ही पिता.

मग आली २०२४ सालच्या मे महिन्यातली ती रात्र.

तेविसाव्या तारखेला रात्री साडेअकराला सासूबाई उठून बसल्या. म्हणाल्या, ‘सूनबाई, श्वास पुरत नाही गं.’ ओठ निळसर दिसत होते. शेजारच्या मुलाने आपली गाडी काढली. गावातल्या डॉक्टरांनी तत्परतेने तपासले, प्राणवायू लावला, इंजेक्शन दिले आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितले, ‘हृदयाचं दुखणं आहे. फुप्फुसात पाणी झालंय. माझ्याकडे हे यंत्र नाही, ते यंत्र नाही. वेळ घालवू नका, अकोल्याला न्या.’

रुग्णवाहिकेत मी त्यांच्या उशाशी बसले होते. मालेगाव गेले. मेडशी गेले. घाट लागला. ज्या वळणांवर चाळीस वर्षांत मी शेकडो वेळा गार वाऱ्यासाठी खिडकी उघडली होती, त्या प्रत्येक वळणावर त्यांचा हात माझ्या हातात घट्ट होत होता. मी एकेक वळण मोजीत होते. त्या रात्री मला प्रथमच कळले की दीड अंश म्हणजे दीड तास. घाट उतरताना हवा बदलली, ती बंद गाडीतही कळली. पातुरात रात्रीचा दीड वाजला असेल, आणि वारा गरम होता.

त्या वाचल्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी वाचविल्या. आठ दिवस त्या तिथे होत्या, आणि तो आठवडा अकोलेकर विसरणार नाहीत. उन्हाचा कहर असा की, जिल्हाधिकाऱ्यांनी पंचवीस मेपासून महिनाअखेरपर्यंत चक्क एकशे चव्वेचाळीस कलम लावले! दंगलीचे कलम, पण दंगल करणारा होता सूर्य. कामगारांना पिण्याचे पाणी आणि सावली द्या, शिकवण्यांचे वर्ग भर दुपारी भरवू नका, असा तो हुकूम. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखविले तेव्हा सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या, ‘मग त्याले अटक झाली का नाही?’ आठ दिवसांत त्या प्रथमच हसल्या होत्या. एरवी ठेवणीतली भाषा बोलणाऱ्या आमच्या सासूबाई हसल्या की नेमक्या वऱ्हाडीत येतात.

घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, ‘ह्यांना इथून लांब ठेवू नका. पुन्हा असं झालं तर दीड तास मिळेलच असं नाही.’

झाले. लेकीचा पुण्याहून फोन: ‘बाबा, आता तरी हट्ट सोडा. भाडेकरूंना नोटीस द्या.’ मीही तिच्याच बाजूची. ह्यांनी मान खाली घातली. आम्ही सासूबाईंना सांगितले की, आता अकोल्यालाच राहायचे. घर आपलेच आहे, वातानुकूलक बसवू, दवाखाना दहा मिनिटांवर.

त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘सूनबाई, ह्या आठ दिवसांत मी किती झोपले?’

मी म्हटले, ‘आई, दवाखान्यात झोप कुणाला येते?’

‘मी मोजली. मला घरी ने. मरणाचं काय, ते वर आणि खाली सारखंच. पण जगायचं तर रात्री डोळा लागला पाहिजे ना?’

हे उठून गॅलरीत गेले. आत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मला त्या वेळी रागच आला. आईचा हट्ट पुरवायचा तो ह्यांनी, आणि रात्री उशाशी बसायचे कुणी? मी तसे बोलूनही गेले. तीन दिवस आम्ही नवराबायको एकमेकांशी कामापुरते बोलत होतो. वाचकहो, हवापाण्याचा प्रश्न हा हवापाण्याचा कधीच नसतो. तो घरात येऊन बसला की कुणाचे ऐकायचे आणि कुणाच्या जिवाची जबाबदारी कुणी घ्यायची, असा होतो. डॉक्टरांना आयुष्याची लांबी दिसत होती, सासूबाईंना रुंदी. आणि मला, खरे सांगायचे तर, दिसत होता फक्त तो घाट.

मृगाचा पहिला पाऊस झाला आणि आम्ही त्यांना घेऊन वर आलो.

पण ह्या वेळी रिकाम्या हाताने आलो नाही. प्राणवायू तयार करणारे एक विजेचे यंत्र विकत घेतले. वीज गेली तर चालावे म्हणून बॅटरी घेतली. औषधांचा तक्ता मी भिंतीवर लावला. गावातल्याच एका परिचारिकेला आठवड्यातून दोनदा येऊन तपासायला सांगितले. डॉक्टरांनी वजन रोज पाहायला सांगितले आहे. ते एकदम वाढले की अंगात पाणी साठते आहे असे समजायचे. त्यामुळे आमच्या घरी देवाच्या आधी वजनाच्या काट्याची पूजा होते. मीठ मोजून. ह्यांचे लोणचे त्यामुळे कपाटात गेले, ते अजून बाहेर आलेले नाही. गेल्या दीड वर्षात दोनदा वजन वाढले, दोनदा फोनवरून गोळी वाढविली, आणि दोन्ही वेळा घाट उतरावा लागला नाही.

गावही थोडे हलले आहे. २०२४च्या ऑक्टोबरात राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिमचे एक आहे. अकोल्याला असे महाविद्यालय २००२ साली झाले. म्हणजे इथेही आम्ही बावीस वर्षे मागे. पण त्र्याण्णवपेक्षा बावीस बरे. महाविद्यालय निघाले म्हणजे दुसऱ्या दिवशी हृदयाचा विशारद दारात उभा राहत नाही, हे मला समजते. मुले शिकून बाहेर पडायला आणि यंत्रे येऊन चालू व्हायला वर्षे जातात. सासूबाईंजवळ तेवढी वर्षे नाहीत, आमच्याजवळ कदाचित असतील. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून, मालेगाव आणि कारंज्याजवळून गेला आहे. त्या रस्त्याने नागपूर फार जवळ आले. मालेगावपर्यंत मात्र आधी आपल्या आपण पोचावे लागते.

आणि हवा? तीही पूर्वीची राहिलेली नाही. ज्या गच्चीवर १९८४ साली मला वाकळ लागली, तिथे परवाच्या मे महिन्यात चादर पहाटे पायांपर्यंतच ओढली. भोवती दोनमजली घरे झाली आहेत, पश्चिमेची बाजू अर्धी झाकली गेली आहे. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हापासून इथले शेतकरी हरभरा घरात येईपर्यंत आभाळाकडे संशयाने पाहतात. वाशिम वाढले तर त्याचे अकोले होईल की काय, अशी मला धास्ती वाटते; आणि वाढले नाही तर त्या रात्रीची. दोन्ही धास्त्या एका वेळी बाळगणे ह्या वयात जड जाते.

कुणी मला सल्ला विचारलाच (हल्ली विचारतात, सहा वर्षांच्या वादाने मला तेवढा मान मिळवून दिला आहे), तर मी आधी त्यांच्या घरात माणसे कोण कोण आहेत ते विचारते. शाळाकॉलेजातली मुले असतील तर निमूटपणे घाट उतरा, कूलरची गवताची तट्टी दर वर्षी नवी घाला आणि पोरांना शिकवा. आमच्याही लेकीचे शिक्षण त्या भट्टीतच झाले, म्हणून ती आज पुण्याला आहे. उन्हात काम करणाऱ्याला तर कुणी विचारतच नाही, काम जिथे तिथे तो. प्रश्न पडतो तो आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांना. त्यांना मी सांगते, मे महिन्यात येऊन आठ रात्री राहून पाहा. दिवाळीत येऊ नका. दिवाळीत सगळीच गावे चांगली दिसतात.

परवा दसऱ्याच्या सुमारास अकोल्याहून भाडेकरूंचा फोन आला. करार संपत आला होता. घर रिकामे करायचे का ठेवायचे, त्यांना मुलाच्या शाळेसाठी कळायला हवे होते. हे माझ्याकडे पाहू लागले. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या अंगणात बसून सोयाबीनचे गाडे रस्त्याने जाताना मोजीत होत्या. सकाळी काट्यावर वजन पहिल्याइतकेच भरले होते.

‘अकरा महिन्यांचा करा,’ मी म्हटले.

हिशोब करून पाहिला. अकरा महिने म्हणजे येता उन्हाळा पार पडतो.